बीबीचा आवाज आणि उद्यमबागेतला बुश

बॉटम ब्रॅकेट, म्हणजे बीबी, हा फ्रेमच्या तळाच्या नळीतला बेअरिंगांचा जोड, ज्यावर पायडलांचा अॅक्सल फिरतो. तो प्रेस-फिट, म्हणजे आट्यांशिवाय दाबून बसवलेला, असेल आणि कटकट करायला लागला की दुकानात एकच उत्तर मिळतं: ‘बेअरिंग गेलं, बदलू या.’ बदलतात, पैसे घेतात, आवाज जातो. मग बेळगावजवळ जांबोटीच्या रस्त्यावर एक पावसाळा काढला आणि रस्ते वाळल्यावर राजहंसगडाच्या चढावर जरा जोर लावला, की तोच आवाज त्याच जागी हजर. माझ्या सायकलीचं असंच चाललं होतं. काढलेली बेअरिंगं मी टाकून देत नव्हतो, एका डब्यात ठेवत होतो. एकदा ती सगळी बोटावर फिरवून बघितली. काढताना हातोडा खाऊनसुद्धा निम्मी तरी गुळगुळीत फिरत होती. चांगली बेअरिंगं बदलली जात होती आणि जे खराब होतं ते सायकलीतच राहत होतं.

गावाकडच्या काळ्या सायकली ज्यांनी खोलल्यात त्यांना बीबी म्हणजे काय ते सांगायला नको. नळीला आतून आटे, त्यात कप, कपात छर्रे, मधून अॅक्सल, आणि क्रँक (पायडलचा दांडा) धरायला कॉटर पिन. पुढं रोड बाईकमध्येही आटे तेच राहिले. इंग्लिश मापाचे, १.३७ इंच व्यासाचे, इंचाला २४, आणि उजवीकडचे उलटे. आट्याच्या कपाचं एक बरं असतं: माप थोडं इकडंतिकडं झालं तरी आटे त्याला आवळून धरतात. प्रेस-फिटमध्ये हे धरणारं कुणी नाही. नळीचा बोअर, म्हणजे आतलं भोक, गुळगुळीत, कपही गुळगुळीत, आणि तो नुसता दाबून बसवलेला. कॅननडेल या सायकल कंपनीनं २००० साली बीबी-३० आणला, त्यात तर कपही नाही. ४२ मिलिमीटरच्या बोअरमध्ये बेअरिंग थेट दाबायचं. माझ्या सायकलीत आहे तो बीबी-८६. बोअर ४१ मिलिमीटर, नळीची रुंदी ८६.५, शिमानोचा २४ मिलिमीटरचा अॅक्सल, आणि बेअरिंग प्लॅस्टिकच्या कपात.

कारखान्याला हे परवडतं. आटे पाडायचे नाहीत, जोडणी झटपट होते, नळी रुंद असल्यामुळे तिला येऊन मिळणाऱ्या बाकीच्या नळ्या जाडजूड करता येतात. कप प्लॅस्टिकचा ठेवण्यामागंही हिशेब आहे. बोअर थोडा मोठा-लहान किंवा अंडाकृती झाला तरी प्लॅस्टिक दबून जुळवून घेतं. पण सतत दाबाखाली राहिलेलं प्लॅस्टिक हळूहळू बसतं. नवा कप घट्ट असतो, म्हणून सुरुवातीला सायकल गप्प असते. कप बसला की प्रत्येक पायडलला तो केसभर हलतो, आणि तेच हलणं आपल्याला ऐकू येतं. बेअरिंग बदलताना कपही नवा येतो, म्हणून बेअरिंगला श्रेय मिळतं.

धंद्यालाही हे कळलेलं दिसतं. २०१५ साली मोठ्या नळीसाठी टी-४७ नावाचं आट्याचं माप निघालं, आणि स्पेशलाइज्ड या सायकल कंपनीनं २०२० च्या टारमॅक एसएल-७ मध्ये चक्क जुने इंग्लिश आटे परत आणले. ज्यांच्याकडं आधीच प्रेस-फिट फ्रेम आहे त्यांना या बातमीचा उपयोग नाही.

बीबीवर ठपका ठेवण्याआधी बाकीच्यांना सोडवून घेणं भाग असतं. फ्रेम म्हणजे पोकळ नळ्या. सीटपोस्टमधला आवाज पायाखालून येतोय असं वाटतं आणि पायाखालचा हँडलमधून. मी आधी ठेका मोजला. पायडलच्या दर फेऱ्याला एकदा येत असेल तर संशय पायडल, क्रँक, चेनरिंग (क्रँकवरची दातेरी चकती) आणि बीबी यांच्यावर. चाकाच्या दर फेऱ्याला येत असेल तर चाकावर. चेनमधली एखादी कडी अडत असेल तर आवाज दोन-अडीच फेऱ्यांनी एकदा येतो, कारण चेनरिंग ५० दात्यांची आणि चेन शंभरावर कड्यांची. माझा आवाज दर फेऱ्याला, उजवा पाय घड्याळातल्या तीनच्या काट्याला आला की. सपाटीवर सांबऱ्याकडं जाताना काहीच नाही. येळ्ळूर ओलांडून गडाचा चढ लागला की सुरू.

उभं राहून पायडल मारलं तरी आवाज तसाच, म्हणून सीट आणि सीटपोस्ट सुटले. तरी पोस्ट काढून पुसलं आणि ग्रीस लावून परत घातलं, कारण खानापूरकडची तांबडी माती कुठं कुठं जाते ते बघून थक्क व्हायला होतं. पायडल मित्राच्या सायकलीला लावले, त्याचे माझ्या सायकलीला. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे विसरून पाना लावणारे अजून भेटतात, म्हणून सांगून ठेवतो. त्याची सायकल गप्प, माझी बोलतीच. चेनरिंगचे बोल्ट काढले, पुसले, ग्रीस लावून आवळले. मागच्या चाकाचा स्क्युअर (चाक आवळणारा दांडा) आणि ड्रॉपआउट (चाक बसतं ती फ्रेमची खाच) साफ केले. यातून आवाज निघतो आणि तो हुबेहूब बीबीसारखा वाटतो, हे फार जणांना माहीत नसतं. डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) हँगर काढून परत बसवला. बाटलीच्या स्टँडचे स्क्रूसुद्धा आवळले. आवाजात काडीचा फरक नाही. मग क्रँक काढली.

शिमानोची क्रँक काढणं सोपं आहे. डाव्या बाजूची प्लॅस्टिकची टोपी तिच्या खास चावीनं सोडवायची, पाच नंबरच्या अॅलन कीनं दोन बोल्ट आळीपाळीनं ढिले करायचे, मधली छोटी प्लॅस्टिकची पट्टी उचलायची, की डावा हात निघतो. चेन खाली नळीवर सोडून द्यायची आणि रबरी हातोड्यानं अॅक्सल उजवीकडं सरकवायचा. अॅक्सल निघाल्यावर बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवलं. उजवं ठीक, डावं थोडं खरखरीत. एवढ्या खरखरीनं गडावर ऐकू येईल असा आवाज निघत नाही.

कप काढायला आतून पकडणारं हत्यार लागतं. शिमानोचं टीएल-बीबी-१३ मिळतं. माझ्याकडं आहे ते देशी: एका पोलादी पाइपला टोकाकडून चार चिरा पाडून पाकळ्या बाहेर वाकवलेल्या. आत घातलं की त्या फाकतात आणि बेअरिंगच्या मागं अडकतात, मग दुसरीकडून ठोकायचं. याचा मार बेअरिंगच्या आतल्या कड्यावर बसतो आणि छर्‍यांचे खड्डे वाटेवर उमटू शकतात. म्हणून एकदा असं काढलेलं बेअरिंग हाताला कितीही चांगलं लागलं तरी परत घालायचं नाही.

उजवा कप दोन टोल्यांत निघाला. दाबून बसवलेली वस्तू इतकी सहज निघत नसते. बाहेरच्या अंगावर एका बाजूला चकचकीत पट्टा, आणि बोअरमध्ये काळसर राखाडी चिखल. तो ग्रीस आणि अॅल्युमिनियमची घासलेली पूड. कप हलत असल्याचा याहून चांगला पुरावा नको. डाव्या कपाला मात्र बरेच टोले लागले.

इथं दोन वाटा होत्या. एक म्हणजे दोन कप एकमेकांत आट्यांनी आवळले जाणारी बीबी मागवायची. व्हील्स मॅन्युफॅक्चरिंग, प्रॅक्सिस, टोकन हे लोक अशा करतात आणि त्या चांगल्या असतात. दुसरी वाट म्हणजे आधी बोअर मोजून घ्यायचा. मला दुसरी आवडली, कारण मी बेळगावात राहतो. या गावात सायकलीचं प्रेस-फिट कळणारी दुकानं बोटांवर मोजण्याइतकी, पण उद्यमबागेत शेडमागून शेड अशी, जिथं दिवसभर बोअर, बुश (भोकात बसणारी धातूची नळी) आणि फिट याच भाषेत बोलणं चालतं. फाउंड्रीतून आलेलं कास्टिंग, हायड्रॉलिकचे सिलिंडर, पंपांचे भाग, सगळ्याचं पोट मायक्रॉनवर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागावर. सायकलीची नळी त्यांच्यासाठी अजून एक हाउसिंग, म्हणजे बेअरिंगचं घर.

ओळखीचे एक टर्नर आहेत, आयुष्यभर कारखान्यात काम करून आता स्वतःच्या शेडमध्ये एक जुनं एचएमटी लेथ चालवतात. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही. चाकं काढून फ्रेम खांद्यावर घेऊन आत गेलो तर त्यांचा पहिला प्रश्न, ‘ह्ये कुठनं आणलास? मोडलंय काय?’ मोडलेलं नाही, आवाज करतंय म्हटल्यावर त्यांनी बोट आत घालून एक फेरी मारली आणि म्हणाले, ‘बोअर गोल न्हाई रे ह्येचा.’

बोअर गेज (आतला व्यास मोजायचं उपकरण) यायच्या आधीच हे बोटाला कळलं होतं. गेजनं आकडे दिले. आधी तोंडाजवळचा रंगाचा थर खरवडून काढला, नाहीतर माप रंगाचं आलं असतं. मायक्रोमीटर ४१ ला लावून त्यावर गेज शून्य केलं, आणि प्रत्येक बाजूला तोंडाशी, मध्ये आणि आत, उभं आणि आडवं असं मोजलं. उजवीकडं तोंडाशी ४१.०६, आत जाता जाता ४१.०४. डावीकडं एका दिशेनं ४१.०२, दुसऱ्या दिशेनं ४१.०५. म्हणजे उजवा बोअर मोठा आणि तोंडाशी किंचित फाकलेला, डावा अंडाकृती.

अॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये हे का होतं ते मामांनी वेल्डिंगकडं बोट दाखवून सांगितलं. नळीला तीन-चार बाजूंनी नळ्या जोडलेल्या, प्रत्येक वेल्ड थंड होताना आपल्याकडं ओढतो. म्हणून वेल्डिंग आणि उष्णतेची प्रक्रिया झाल्यावर बोअर परत रीमरनं (भोक मापात आणणाऱ्या हत्यारानं) साफ करतात. ते काम घाईत झालं किंवा रीमर झिजलेला असला, की असे आकडे येतात. कंपनीचं नाव इथं नको. अशा फ्रेमा बऱ्याच जणांच्या आहेत.

मग मामांनी ४०.९७ चा एक गज लेथवर काढला आणि एका बाजूनं आरपार सरकवून बघितला. गेला. दोन्ही बोअर एका रेषेत आहेत याची ही साधी खात्री. तो अडला असता तर पुढचा सगळा बेत रद्द होता, कारण वाकड्या घरात सरळ बुश बसत नाही.

माझ्या डोक्यात दोन वेगळे अॅल्युमिनियमचे कप होते, प्रत्येक आपापल्या बोअरच्या मापाचा. कागदावर चित्रही काढून नेलं होतं. मामांनी ते पाहिलं, पेन्सिल घेतली आणि दोन कपांमध्ये दोन रेघा मारून ते जोडून टाकले. ‘दोन कशाला? एकच लांब बुश करू. आन आतनं दोनीकडं खोबणी कशाला पाडायच्या? आरपार सदतीसचा बोअर मारू, मधी नायलॉनचा पाइप टाकू. बेअरिंग त्याला टेकून बसतील.’

एवढ्या एका वाक्यात त्यांनी सगळी अडचण सोडवली होती. दोन्हीकडं वेगळ्या खोबणी पाडायच्या तर जॉब उलटवून परत पकडावा लागतो, आणि परत पकडला की केंद्र थोडं तरी सरकतं. आरपार बोअर एकाच पकडीत होतो. बाहेरची दोन्ही मापंही त्याच पकडीत. म्हणजे बेअरिंगच्या दोन्ही जागा आणि फ्रेममध्ये बसणाऱ्या दोन्ही जागा एकाच अक्षावर, आणि शेवटी टोकाच्या कॉलरच्या (रुंद कडेच्या) पलीकडं पार्टिंग टूलनं जॉब तोडून घ्यायचा. उजवीकडचा बोअर मोठा असल्यामुळे बुश उजवीकडून आत जाणार, डावीकडची बारीक बाजू पुढं. त्यामुळं वाटेत कुठं घासणार नाही. बोअरचा दोष आमच्या सोयीचा निघाला.

धातू एचई-३० या अॅल्युमिनियमचा बार. बाहेरून उजवीकडं ४१.०३, डावीकडं ४१.००, मधला भाग ४० वर उतरवलेला. मधला भाग बारीक ठेवण्याची दोन कारणं. सीटपोस्टमधून पावसाचं पाणी खाली येतं, त्याला नळीच्या भोकातून बाहेर पडायला वाट हवी. कणकुंबीकडं, जिथं मलप्रभा उगम पावते, तिथं जून-जुलैत सायकल चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. दुसरं, नळीच्या खाली केबलची प्लॅस्टिकची मार्गिका धरणारा स्क्रू आत डोकावतो. तो अर्धा मिलिमीटरच्या फटीत मावेना, म्हणून घासून आखूड केला.

बुश घट्ट दाबून न बसवता सरासरी दोन-तीन शतांश मिलिमीटर मोकळा ठेवला, यावर ऐकणाऱ्यांची भुवई वर जाते. कारण आम्ही तो रिटेनिंग कंपाउंडनं धरणार होतो. हा द्रव दोन धातूंच्या मध्ये, हवा न मिळाल्यावर घट्ट होतो. त्याला राहायला फट लागते. दाबून बसवलं तर तो बराचसा तोंडाशीच पुसला जातो आणि आत फारसा उरत नाही. दाबायचं असेल तर माप तंग ठेवून नुसतं दाबा, चिकटवायचं असेल तर फट ठेवा. नेटवर लोक तंग कपाला वरून द्रव लावतात आणि दोन्हींचा फायदा झाला असं समजतात.

बेअरिंगच्या जागेचं माप हाच सगळ्यात नाजूक भाग. ६८०५ नंबरचं बेअरिंग, आतून २५, बाहेरून ३७, जाडी ७. बाहेरचं कडं पातळ असतं. तंग घरात दाबलं की ते आवळतं आणि छर्‍यांना ठेवलेली मोकळीक खाऊन टाकतं. बेअरिंग नवं असूनही पहिल्या दिवसापासून जड फिरतं. त्यामुळं मामांनी आधी बाजारातून आणलेली बेअरिंगंच मायक्रोमीटरनं मोजली आणि बोअर ३७ पेक्षा जेमतेम दहा मायक्रॉन लहान ठरवला.

शेवटचे कट बघण्यासारखे होते. बोरिंग बार नव्वद मिलिमीटर खोल आत जातो तेव्हा तो थोडा लवतो, म्हणून तेच माप ठेवून बार नुसता परत परत फिरवून आणायचा, जोवर चिप्स येणं थांबत नाही. त्यानंतर मामांनी लेथ बंद केलं आणि चहा मागवला. मी गेज उचलायला गेलो तर हात धरला. जॉब गरम होता. अॅल्युमिनियम मीटरला दर अंशाला २३ मायक्रॉन वाढतं. ३७ मिलिमीटरला वीस अंशांचा फरक म्हणजे सतरा मायक्रॉन. आम्ही दहाच्या गोष्टी करत होतो. चहा संपेपर्यंत कुणी मोजलं नाही. मोजलं तेव्हा अजून पाच मायक्रॉन घ्यायचे होते, ते त्यांनी लेथवर न घेता बारीक एमरीनं (घासकागदानं) घेतले. मदतीला असलेला पोरगा कानडी बोलणारा, गेजच्या काट्याकडं बघत उभा होता. काटा जागेवर आला तसा म्हणाला, ‘साकु, मामा, साकु.’ मामांनी एमरी खाली ठेवली.

बसवणं घरी केलं. बोअर आणि बुश अॅसिटोननं इतके पुसले की पांढऱ्या कापडाला काही लागेना. अॅल्युमिनियमवर हे द्रव सावकाश धरतात, म्हणून आधी अॅक्टिव्हेटर फवारून तो वाळू दिला. द्रव लॉकटाइट ६४१ घेतला, कारण तो पुढंमागं काढावा लागणाऱ्या जोडणीसाठी असतो. उद्यमबागेत ६३८ जास्त चालतो. त्याची पकड मोठी. पण तो सोडवायला इतकी उष्णता द्यावी लागते की फ्रेमचा रंग जाईल आणि अॅल्युमिनियमचा कसही उतरेल. बुशच्या दोन्ही जागांवर पातळ थर दिला, फिरवत आत ढकलला, कॉलर नळीच्या तोंडाला टेकेपर्यंत. आट्याचा गज, दोन जाड वॉशर आणि नट लावून हलकं आवळून एक रात्र आणि त्यानंतरचा दिवस तसाच ठेवला. बाहेर आलेला द्रव लगेच पुसला. हवेतला द्रव ओलाच राहतो आणि नंतर केबलवर, चेनवर जातो.

बेअरिंगं त्याच गजानं दाबली. मामांनी दिलेले दोन टप्प्यांचे डाय फक्त बाहेरच्या कड्यावर टेकतात, आतल्या कड्याला शिवत नाहीत. डावं बसवलं, नायलॉनचा पाइप घातला, मग उजवं. नट फिरवताना हाताला सारखाच जोर लागत राहिला पाहिजे. अचानक हलकं लागलं तर घर मोठं, अचानक जड लागलं तर बेअरिंग तिरपं चाललंय. अॅक्सल २४ चा आणि बेअरिंग २५ चं, यातला अर्धा-अर्धा मिलिमीटर शिमानोचे प्लॅस्टिकचे बुश भरून काढतात. डब्यातल्या जुन्या बीबींमधून त्यातले सगळ्यात कमी झिजलेले काढून घेतले. तो डबा अखेर उपयोगी पडला.

क्रँक परत लावताना टोपी हातानंच, ०.७ ते १.५ न्यूटन-मीटर इतकीच. बऱ्याच सायकलींत ही टोपी पायडलसारखी आवळलेली सापडते आणि मग बेअरिंग बिचारं दोन वर्षांऐवजी एका हंगामात जातं. दोन बोल्ट आळीपाळीनं, टॉर्क पान्यानं, १२ ते १४. क्रँक आडवी हलवून बघितली, काही नाही. मोकळी फिरवली, चेनशिवाय बराच वेळ फिरत राहिली, पण त्यावर माझा फार विश्वास नाही. ग्रीस भरलेलं चांगलं बेअरिंग लवकर थांबतं आणि कोरडं वाईट बेअरिंग फिरत राहतं.

राजहंसगडाचा चढ गप्प गेला. म्हणजे बीबी गप्प. अर्ध्यावर एक नवीन बारीक टकटक ऐकू यायला लागली, जी आधी मोठ्या आवाजाखाली दबली असणार. ती पुढच्या डिरेलरच्या केबलचं टोक क्रँकला लागत होतं म्हणून. बोटानं वाकवलं, संपलं.

त्यानंतर चोर्ल्यापर्यंतचा पावसाळा या बीबीनं काढला आहे. पाऊस संपल्यावर डावं बेअरिंग खरखरीत झालं होतं, कारण रबरी सील काहीही म्हणालं तरी पाणी जातंच. विरुद्ध बाजूनं गज घालून ते ठोकून काढलं, शहरातल्या बेअरिंगच्या दुकानातून त्याच नंबरचं आणलं आणि त्याच घरात दाबलं. बुश जागचा हलला नाही, आणि घराचं माप गेजनं परत बघितलं तर तेच. आता बेअरिंग म्हणजे खरोखर फक्त बेअरिंग, कप-बिपचं खातं बंद.

खानापूरचा एक तरुण आता त्याची कार्बन फ्रेम घेऊन मामांकडं गेला होता, माझं नाव सांगून. मामांनी नळीत बोट घातलं, नखानं कडेचा थर टोकरून बघितला आणि काम नाकारलं. मला ते पटलं. कार्बनच्या नळीत थर सुटलेला असेल तर बुशनं तो दिसेनासा होईल, बरा होणार नाही; आणि कार्बन खरवडून माप गाठायचं काम लेथवाल्याचं नव्हे. त्याच्या फ्रेमचं माप ठीक असेल तर एकमेकांत आवळणारी बीबी हाच त्याच्यासाठी मार्ग. ती त्यानं मागवली आहे, येईपर्यंत चढ टाळून सांबऱ्याच्या सपाट रस्त्यानं फिरतोय.